तगरचं तेर कसं झालं

तेर हे आमच्या गावाचं नाव म्हणजे ‘तगर’चं बिघडलेलं रूप, असं आमच्याकडे शिकलीसवरलेली माणसंही सांगतात. मला तो ‘बिघडलेलं’ शब्द खटकतो.

इसवी सनाच्या पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासनोंदीत पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर नावाचं फार मोठं शहर आहे. तिथलं साधं कापड नि मलमल गाड्यांवर लादून भडोचच्या बंदराला जायची. हे तगर नेमकं कुठलं, यावर एकोणिसाव्या शतकात विद्वानांनी बराच काथ्याकूट केला. कुणी देवगिरी म्हणालं. भगवानलाल इंद्रजींना ते जुन्नर वाटलं, रा. गो. भांडारकरांना धारूर. १९०१ मध्ये फ्लीट यांनी बोट ठेवलं ते तेरणाकाठच्या आपल्या तेरवर. पुढे उत्खननं झाली. इथल्या लामतुरे संग्रहालयात बघा: हस्तिदंती बाई, दागिन्यांनी मढलेली. तिच्याच घराण्यातली एक मूर्ती इटलीत पाँपेईच्या राखेखाली सापडली.

पण मला जास्त भुरळ पडते ती उच्चाराच्या पुराव्याची. दोन स्वरांमध्ये एकटा पडलेला ‘ग’ किंवा ‘क’ प्राकृतात टिकत नाही. नगरचं नयर झालं, नयरचं नेर: पारनेर, अंमळनेर, पिंपळनेर. तगर, तयर, तेर हीच वाट. तेरच्या गोरोबाकाकांच्या, म्हणजे संत गोरा कुंभारांच्या नावातही तोच खेळ आहे. कुंभकारातला ‘क’ गळाला तेव्हा कुंभार झाला. आता कुंभाराला कुणी बिघडलेला कुंभकार म्हणत नाही!

आणि हे फक्त आपल्याकडेच झालं असंही नाही. दिवसाला जुन्या जर्मानिक भाषेत ‘डागाझ’ म्हणत, असं भाषाशास्त्रज्ञ मांडतात. जर्मनांनी त्यातला ‘ग’ धरून ठेवला, ते ‘टाग’ लिहितात. इंग्रजांच्या तोंडी तो विरघळून ‘य’ झाला, म्हणून ‘डे’. स्पेलिंगच्या शेवटी जो वाय उरलाय तो त्या ‘ग’चाच वारस. पावसाचं तसंच, जर्मन ‘रेगन’ नि इंग्रजी ‘रेन’. एवढं होऊनही ‘डे’ म्हणजे बिघडलेला ‘टाग’, असं म्हणायची कुणाची छाती नाही. गावंढळपणाचा शिक्का बसतो तो आपल्या गावांवर!

आमच्या जिल्ह्याच्या नावाचा, धाराशिव-उस्मानाबादचा, वाद कोर्टात गेला, पाट्या बदलल्या, कागद बदलले. तेरचं नाव बदलायला कुणाचा हुकूम लागला नाही. ते नेमकं कधी बदललं याची तारीख मिळणार नाही, पण माग लागतो. कोकणातले शिलाहार राजे आपण मूळचे तगरचे म्हणून मिरवत; दहाव्या-अकराव्या शतकातल्या त्यांच्या ताम्रपटांत ‘तगरपुरपरमेश्वर’ अशी भरघोस पदवी येते. आणि त्याच अकराव्या शतकात कनकामर मुनी ‘करकंडचरिउ’ हे अपभ्रंश काव्य रचतात. धाराशिवच्या लेण्यांची कथा त्यात आहे, आणि जवळच्या या गावाला मुनी ‘तेरापुर’ म्हणतात. राजाच्या लेखनिकाने जुनं दफ्तर उतरवलं. मुनींनी लोकांच्या तोंडचं ऐकलं असावं, असा माझा कयास.