संगणक आमचा, हुकूम कुणाचा?

नारायणगावाहून खोडदकडे जाताना शेतांच्या वर डोके काढून उभ्या असलेल्या प्रचंड थाळ्या दिसतात. जीएमआरटी दुर्बिणीच्या अशा ३० थाळ्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या, आकाशातील रेडिओ लहरी टिपतात. त्या लहरींचा हिशेब मांडण्यासाठी २०१० च्या सुमारास तेथे जी यंत्रणा उभी राहिली, ती बाजारात मिळणाऱ्या सामग्रीची होती. आणि तिचे ४८ संगणक लिनक्सवर चालत. असे असता जुन्नर-आंबेगावातील सुशिक्षित गृहस्थ मान हलवून सांगतात, "लिनक्स? छे, ते आपले काम नव्हे!"

मग ते काम कुणाचे? १४ ऑक्टोबर २०२५ रोजी, ऐन दिवाळीच्या तोंडावर, मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत डागडुजी थांबविली. विंडोज ११ तर पुष्कळ जुन्या संगणकांना दारातच अडविते. म्हणजे मंचरच्या एखाद्या घरातील मुलीच्या अभ्यासाचा धडधाकट संगणक एका दिवसात म्हातारा ठरला! चालत्या बैलाला म्हातारा ठरविण्याचा अधिकार धन्याचा, की दावे विकणाऱ्याचा?

लिनक्सची रीत निराळी. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ मध्ये त्याचा गाभा रचला आणि पुढे तो साऱ्यांना खुला केला. वापरावा, उघडून पाहावा, बदलावा, शेजाऱ्यास द्यावा. अगदी घरच्या बियाण्यासारखा! दाम नाही, आणि चोरटी प्रत वापरल्याची टोचणीही नाही.

अडचणी नाहीतच, असे आम्ही म्हणत नाही. हिशेबाची काही सॉफ्टवेअरे त्यावर सरळ चालत नाहीत. एखादा प्रिंटर रुसतो. ज्यांचे पोट त्यावर आहे, त्यांनी आधी चौकशी करावी. पण पत्रलेखन, मराठी टंकन, इंटरनेट आणि मुलांचा अभ्यास, एवढ्यासाठी भिण्याचे कारण काय?

नवख्याने शंभर नावांत गोंधळू नये. लिनक्स मिंट किंवा उबुंटू, यांतले एक निवडावे. ते पेनड्राइव्हवर घेऊन संगणक त्यावरून सुरू करावा. आतले काहीही न पुसता चार दिवस चालवून पाहता येते. न पटल्यास पेनड्राइव्ह काढावा, विंडोज जागच्या जागी असते. पटल्यास फोटो व कागदपत्रांची प्रत बाहेर ठेवून मगच कायमचे बसवावे.

तेव्हा वाचकहो, दिवाळीची झाडलोट करताना जुना संगणक भंगारवाल्याच्या तराजूत टाकण्यापूर्वी एक संध्याकाळ त्याला द्या. खोडदला ज्याने आकाशाचा हिशेब पेलला, त्याला आपल्या मुलीचा निबंध जड होणार नाही!