येलदरीला कशाला हवाय एसी?

'खेड्यातल्या एसटीला कशाला हवाय एसी?' हा प्रश्न आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दर उन्हाळ्यात उगवतो. विचारणारे बहुतेक पुण्या-मुंबईचे, आणि विचारताना स्वतः एसीत बसलेले! त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : विजेवरची बस बॅटरीवर चालणार, एसी ती बॅटरी खाणार, मग गाडी मध्येच बसणार. तेव्हा एसीच्या ई-बस शहरांना द्या. जिंतूर-येलदरीकडे लालपरी आहेच की. खिडकी उघडली की वाराच वारा.

मंडळी, हे गणित साफ उलटं आहे.

एसीला किलोमीटर कळत नाहीत, त्याला फक्त तास कळतात. गाडी धावो की सिग्नलला उभी राहो, आतली माणसं थंड ठेवायला वीज लागतेच. आता समजा, भर उन्हाळ्यात मोठ्या बसचा एसी तासाला ८ युनिट खातो. शहरातल्या गर्दीत बसचा सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर धरा. म्हणजे किलोमीटरमागे अर्ध्या युनिटपेक्षा जास्त वीज निव्वळ थंडाव्यावर गेली. हीच बस परभणीहून जिंतूरमार्गे येलदरीला ताशी ४० च्या सरासरीने निघाली, तर किलोमीटरमागे ०.२ युनिट. अडीच पटींहून जास्त फरक! एसीमुळे बॅटरी संपायची खरी भीती कुठे असेल तर ती पुण्याच्या ट्रॅफिकमध्ये. आमचा रस्ता साठेक किलोमीटरचा. दीड तासाचे १२ युनिट. गाडी ओढायला किलोमीटरला एक युनिट धरलं तर ६०. म्हणजे एकूण विजेचा सहावा हिस्सा एसीचा. एवढ्याने गाडी बसत नाही.

एसटीने १ जून २०२२ रोजी पुणे-अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) मार्गावर पहिली ई-शिवाई सोडली. १९४८ साली एसटीची पहिली गाडी धावली तोच हा मार्ग. ही १२ मीटरची वातानुकूलित गाडी एका चार्जिंगमध्ये अडीचशे किलोमीटर जाते असं तेव्हा सांगितलं होतं. त्याच्या निम्मं अंतर गेली तरी परभणी-येलदरी जाऊन-येऊन होतं.

आता खिडकीच्या वाऱ्याबद्दल. मे महिन्यात परभणीला पारा ४२-४३ अंशांवर जातो. आपल्या कातडीचं तापमान ३५ अंशांच्या आसपास. म्हणजे खिडकीतून येतो तो वारा माणसाला तापवतो. घाम वाळतो तेवढाच काय तो दिलासा, आणि तोही अंगात पाणी असेपर्यंत. याला आमच्याकडे झळा म्हणतात. वारा म्हणणाऱ्याने दुपारी दोनला एकदा पत्रा तापलेल्या गाडीत मागच्या सीटवर बसून दाखवावं. गाडीत बसतं कोण? ७५ वर्षांपुढच्यांना २०२२पासून एसटीचा प्रवास मोफत झाला, २०२३पासून बायकांना अर्धं तिकीट. म्हणजे दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं आणि कडेवर लेकरू घेतलेल्या आया. थंडाव्याची गरज यांना जास्त, की स्वतःच्या कारने ऑफिसला जाणाऱ्याला?

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत, त्यांच्याशीही माझं भांडण आहे. एसी म्हणजे १८ अंश, अशी त्यांची समजूत. बाहेर ४२ आणि आत माणसं शाली पांघरून! एका खाजगी ट्रॅव्हल्सच्या गाडीत मी ऐन मे महिन्यात कानाला रुमाल बांधून रात्र काढली आहे. ही चैनही नाही, निव्वळ उधळपट्टी आहे. एसी एक अंशाने वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते असं ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो सांगतो. म्हणून तर १ जानेवारी २०२०पासून घरगुती एसी चालू केल्यावर आधी २४ वर लागावा असा नियम आला. उन्हातून आलेल्या माणसाला २६ अंश आणि वर फिरता पंखा म्हणजे स्वर्ग वाटतो.

उरलेली बचत गाडी बांधतानाच करायची असते. बसचं छप्पर ३० चौरस मीटरचं. भर दुपारी त्यावर जवळजवळ ३० किलोवॅट ऊन पडतं. ते पांढरं रंगवा, आत जाड अस्तर घाला, काचांना पडदे लावा. भरलेल्या गाडीत माणसंही उष्णता देतात, प्रत्येकी साधारण १०० वॅट. म्हणजे ४५ जणांचे साडेचार किलोवॅट. ती काही टाळता येत नाही, पण गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करणारा कॉम्प्रेसर लावता येतो. बहुतेक डिझेल बसमध्ये कॉम्प्रेसर इंजिनालाच बांधलेला, त्यामुळे गाडी उभी राहिली की थंडावा मंदावतो. विजेच्या गाडीत तो स्वतंत्र असतो. शिवाय गाडी आगारात चार्जरला असतानाच आतून थंड करून घेतली, की तो पहिला, सगळ्यात महागडा थंडावा बॅटरीतून जातच नाही. यातलं काहीही आभाळातून आणायचं नाहीये! एवढं करून ८ युनिटांचे ५ झाले, तर येलदरीच्या फेरीला १२ ऐवजी साडेसातच लागतील.

आणि वीज? पूर्णा नदीवरचं येलदरी धरण १९६८ साली पूर्ण झालं. त्याच्या पायथ्याशी साडेसात मेगावॅटचे तीन संच आहेत, एकूण साडेबावीस. पाणी सोडलं आणि तिन्ही संच पूर्ण क्षमतेने एक तास चालले की २२,५०० युनिट. एसीसकट किलोमीटरला सव्वा युनिट धरलं तरी १८,००० किलोमीटरचा बसप्रवास झाला हा! ती वीज तारांमधून राज्यभर जाते, जाऊ दे. पण जिथून वीज निघते तिथल्या माणसाला 'तुला थंडावा परवडणार नाही' हे ऐकवू नका.

माझं मागणं साधं आहे. बस विकत घेताना किंवा भाड्याने घेताना कागदावर नुसतं 'वातानुकूलित' लिहू नका. बाहेर ४३ अंश आणि गाडी भरलेली असताना एसी तासाला किती युनिट खाईल, तो आकडा लिहून घ्या. पारा २६च्या खाली जाऊ देऊ नका. जिंतूर आगारात चार्जर बसवा. आणि अशा गाड्यांची पहिली तुकडी मराठवाड्यातल्या लांब, मोकळ्या रस्त्यांवर सोडा, कारण त्या तिथेच सगळ्यात स्वस्त पडतील.

ग्रुपवरच्या मंडळींना यावर काही म्हणायचं असेल तर जरूर म्हणा. फक्त आधी तुमच्या खोलीतला एसी किती वर आहे ते सांगा!