उमेदवारी कोणाच्या दारी?

स्मरणिकेत निकालाचे तक्ते छापले जातात आणि ते छापलेच पाहिजेत. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी दहावीचा उंबरठा ओलांडला, त्या घराला टक्केवारी हा केवळ आकडा नसतो. तरीही अध्यापनात आयुष्याचा मोठा भाग घालविल्यानंतर एक कबुली येथे द्यावीशी वाटते. मुलांना काय येते हे आम्ही वर्षातून अनेकदा तपासले. त्यांना काय आवडते हे मात्र क्वचितच विचारले.

वसतिगृहातील एक विद्यार्थी आम्हांला आठवतो. पाण्याची मोटर बंद पडली की तो तिच्यापाशी ठाण मांडून बसे, सुटे भाग खोलून पुन्हा जोडी. आम्ही प्रत्येक वेळी त्याला उठवून अभ्यासाला बसविले. हेतू वाईट नव्हता. हाताने राबणाऱ्या बापाचा मुलगा खुर्चीवर बसावा, एवढीच तळमळ होती. तो बी.ए. झाला, नोकरीसाठी मात्र वर्षानुवर्षे अर्ज करीत राहिला. मोटरीपाशी बसलेला अभियंता आम्हांला दिसलाच नाही.

अमेरिकेतील ऱ्होड आयलंड राज्यात, प्रॉव्हिडन्स शहरात, 1996 साली ‘द मेट’ ही सरकारी माध्यमिक शाळा सुरू झाली. डेनिस लिट्की व इलियट वॉशर हे तिचे प्रवर्तक. तेथे मोठ्या संख्येने कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि गरीब घरांतील मुले येतात. आठवड्यातील दोन दिवस विद्यार्थी आपल्या आवडीच्या क्षेत्रात, रुग्णालयात, कार्यशाळेत वा कार्यालयात, जाणत्या माणसाच्या हाताखाली उमेदवारी करतो. गणित, लेखन, विज्ञान यांचा अभ्यास त्या कामाशी जोडला जातो. मोजक्या मुलांच्या गटाला एक मार्गदर्शक शिक्षक असतो. ठरावीक काळाने विद्यार्थी पालक, शिक्षक व सोबती यांच्यासमोर उभा राहून आपण काय शिकलो ते मांडतो आणि विचारलेल्या प्रश्नांना उत्तरे देतो. पाठांतराला तेथे लपायला जागा नाही.

हा विचार आपल्याला परका नाही. अनुभवातून शिक्षण हा जॉन ड्यूई यांचा आग्रह होता आणि कोलंबिया विद्यापीठात ते बाबासाहेबांचे गुरू होते. त्याही आधी 1882 साली हंटर आयोगापुढील निवेदनात महात्मा फुले यांनी प्राथमिक शिक्षणात शेतीचे व आरोग्याचे व्यवहारोपयोगी ज्ञान असावे, अशी मागणी केली होती.

परंतु इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे थांबून मागे पाहावे लागते. 1953 साली मद्रास राज्यात राजाजींच्या सरकारने प्राथमिक शाळेचे तास कमी करून उरलेल्या वेळात मुलांनी आईबापांचा व्यवसाय शिकावा, अशी योजना आणली. ‘कुलशिक्षण’ म्हणून तिची निर्भर्त्सना झाली; पेरियार यांनी तिच्याविरुद्ध रान उठविले. 1954 साली राजाजी पायउतार झाले आणि कामराज यांनी योजना रद्द केली. चांभाराच्या मुलाने चामडेच शिवावे, ही व्यवस्था ‘कामातून शिक्षण’ या गोंडस नावाने परत येऊ शकते. अमेरिकेतही बुकर टी. वॉशिंग्टन यांच्या उद्योगशिक्षणावर डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांनी 1903 साली हाच आक्षेप घेतला होता: उच्च शिक्षणाचा मार्ग अरुंद करून कृष्णवर्णीयांना केवळ कारागीर का बनवावे? नव्या शैक्षणिक धोरणात, 2020 साली, सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलावंत यांच्याकडे शिकण्याची तरतूद आली, तेव्हा आमच्या मनात पहिला प्रश्न हाच आला: वकील, डॉक्टर, संपादक यांची नावे त्या यादीत का नाहीत?

म्हणून आवडीच्या शिक्षणाला आमचा पाठिंबा आहे, पण अटींवर. पहिली अट, उमेदवारीची जागा बापाच्या धंद्यावरून ठरू नये. दुसरी, गणित, विज्ञान व इंग्रजीचा पाया कच्चा ठेवून कोणालाही कार्यशाळेत पाठवू नये. पदवीचा रस्ता उघडाच राहिला पाहिजे. तिसरी, मुलाला झाडलोट आणि चहा आणण्याच्या कामाला जुंपले, तर ती उमेदवारी नव्हे, फुकटची वेठ आहे. शिवाय, जे मुलाने कधी पाहिलेच नाही त्याची आवड त्याला कोठून लागणार? प्रयोगशाळा न पाहिलेले मूल शास्त्रज्ञ होण्याचे स्वप्न पाहत नाही. आवड विचारण्याआधी जग दाखवावे लागते.

खरी विषमता येथेच आहे. सुखवस्तू घरातील मुलाचा मामा बँकेत असतो, काका न्यायालयात. त्याची उमेदवारी घरच्या दिवाणखान्यातच सुरू होते. वसतिगृहातील मुलाला असा मामा नसतो. गुणपत्रिका त्याला दारापर्यंत नेते. दार आतून उघडणारे कोणी नसते.

ते दार उघडू शकणारे आता आपल्यात आहेत. या शाळेतून गेलेले अनेक जण आज रुग्णालयात, न्यायालयात, कारखान्यात, वृत्तपत्रात, बँकेत आहेत. ही स्मरणिका त्यांच्या हाती पडेल. त्यांच्या देणग्यांनी इमारत उभी राहिली, त्याबद्दल कृतज्ञता आहेच. आता देणगीसोबत एक खुर्चीही द्यावी. नववीच्या एका विद्यार्थ्याला सुटीतील दोन आठवडे आपल्या शेजारी बसवावे, काम दाखवावे, त्याच्या प्रश्नांना उत्तरे द्यावीत. परतल्यावर तो मुलगा, ती मुलगी सभागृहात उभी राहून काय पाहिले ते सांगेल.

पुढच्या स्मरणिकेत निकालाच्या तक्त्याशेजारी आणखी एक तक्ता असावा: कोणता विद्यार्थी कोठे गेला आणि कोणता प्रश्न घेऊन परत आला. मोटरीपाशी बसलेल्या मुलाला यापुढे आम्ही उठविणार नाही.