पेट्या वाटण्याआधी शिकवणी हवी

मंडणगड तालुक्यात ऊस नाही. तेथे भात, आंबा, काजू, आणि पोरे मुंबईला. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने तेथील घरांची छपरे उडविली, तेव्हा कोरोनाची साथ सुरूच होती. रोग्याला वेगळ्या खोलीत ठेवा, असे सरकार सांगत होते. छप्परच गेले तेथे वेगळी खोली आणायची कोठून?

सभासद बंधूंनो, कोकणातली गोष्ट म्हणून हे सोडून देऊ नका. आपल्या वस्त्यांवरही मुले पुण्या-मुंबईस, म्हातारी माणसे अंथरुणाला खिळलेली आणि शुश्रूषा सुनेच्या माथी. शहरात नर्सिंग होम असते, आपले नर्सिंग होम म्हणजे घराची पडवी.

सभासद कल्याण निधीतून हातमोजे व मास्कच्या पेट्या गटवार वाटाव्यात, अशी सूचना पुढे आली आहे. आमचा विरोध नाही. पण नुसती पेटी देऊन काय होणार? वाटपाचा फोटो तेवढा निघेल!

ऊस उत्पादकाला हे समजावून सांगायला नको. बेणे तोडताना एकच कोयता रोगट बेटावरून निरोगी बेटावर फिरवला, की खोडव्याची वाढ खुंटविणारा रोग पात्याबरोबर पुढे जातो. म्हणून आपण कोयता जंतुनाशकात बुडवतो. हातमोज्याचे तेच आहे. लघवीची पिशवी रिकामी केली आणि त्याच मोज्याने पेज भरवली, तर मोजा घालून उपयोग काय? उलट हात स्वच्छ आहे असा भ्रम होतो. एका कामाला एक जोड, काढताना आतली बाजू बाहेर येईल असा काढायचा, आणि मग साबणाने हात धुवायचेच. मोजे घातले म्हणून धुणे सुटत नाही. मास्कला पुढून हात लावायचा नाही, दोरी धरूनच काढायचा. खोकला क्षयाचा असेल तर तोंडाला बांधलेला रुमाल पुरत नाही; एन-९५ मास्क लागतो आणि खोलीची खिडकी उघडी लागते.

२०२० मध्ये अनेक साखर कारखान्यांच्या आसवनींनी मळीच्या अल्कोहोलपासून सॅनिटायझर केले, याचा आम्हांस अभिमान आहे. मात्र हाताला घाण दिसत असेल तेथे ते कामाचे नाही. तेथे साबण-पाणीच.

१८९७ च्या प्लेगात पुण्याजवळ रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाईंना लागण झाली व १० मार्चला त्या गेल्या. तेव्हा साधने नव्हती. आज आहेत, चार पैशांत मिळतात, तरी सेवा करणारी बाई उघड्या हाताने राबते.

संचालक मंडळाने आधी प्रत्येक गटात एक परिचारिका बोलावून प्रत्यक्ष करून दाखविण्याची सोय करावी, पेट्या त्यानंतर द्याव्यात. त्यासाठी ऊसबिलातून टनामागे आणखी कपात मात्र नको, आहे त्या निधीतूनच भागवावे. आणि शिकवणी भर दुपारी ठेवा, धारांच्या वेळेला नको. नाहीतर ज्यांनी शिकायचे त्या बायका गोठ्यात, आणि पुढच्या रांगेत आपण बाप्येच बसलेले.