इंग्रजी वाचनाचे गुण आणि मराठीचा पाया

बऱ्हाणपुरात मराठी शिक्षणाची मागणी केली की प्रश्न येतो, ‘मराठी शिकून मुले परदेशी कशी जाणार?’ विचारणाऱ्यांनी आयईएल्टीएसची वाचनपरीक्षा एकदा पाहावी. तीन दीर्घ उतारे, ४० प्रश्न, ६० मिनिटे. विधान खरे, खोटे, की उताऱ्यात त्याविषयी काही सांगितलेलेच नाही, हे त्यात ठरवावे लागते. तेथे पाठ केलेले शब्द पुरत नाहीत. लेखकाचे म्हणणे आणि आपले गृहीतक यांतील भेद ओळखावा लागतो.

हा विवेक शिकवणीवर्गातील क्लृप्त्यांनी येत नाही. समजणाऱ्या भाषेत वाचता वाचता तो घडतो. पहिल्या भाषेतील वाचनक्षमता दुसरीच्या कामी येते, मात्र दुसरीचाही पुरेसा सराव हवा, असा सिद्धान्त जिम कमिन्स यांनी १९७९ मध्ये मांडला.

तापीकाठच्या आमच्या कित्येक मुलांच्या घरी मराठी आहे, शाळेत हिंदी वा इंग्रजी. बोलतात ती भाषा ती वाचत नाहीत. वाचतात ती पुरती उमजत नाही. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे यासाठी राज्याने पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न करावा, असे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेला अनुच्छेद ३५०-क सांगतो. ती सोय मागणे म्हणजे इंग्रजीला विरोध नव्हे.

तोवर घरी रोज एक मराठी अग्रलेख वाचून त्याचा आशय दोन वाक्यांत लिहावा. मग तसाच एक इंग्रजी. आणि इंग्रजीचे गुण हवे असणाऱ्या पालकांनीच मराठीच्या मागणीवर पहिली स्वाक्षरी करावी.