गोडी कोणाची, ओझे कोणाचे?

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकविले जाते. त्यापूर्वी ते पाचवीपासून असे. म्हणजे आमच्या महाविद्यालयात येणाऱ्या मुलाच्या गाठीशी इंग्रजीची बारा वर्षे असतात. तरीही मागणीचा नियम विचारला की तो घोकलेली इंग्रजी व्याख्या धडाधड म्हणतो आणि भाजीबाजारातले एखादे उदाहरण त्याच भाषेत दे म्हणताच मान खाली घालतो. याला आळस म्हणणे सोपे आहे. परंतु येथे मागणी पालकांची, श्रम मुलाचे आणि मोबदला पंधरा वर्षांनंतरच्या नोकरीचा! इतक्या दूरच्या लाभासाठी प्रौढ माणसेही बचत करीत नाहीत. उलट पायचीतचा बारकावा हाच मुलगा इंग्रजी समालोचन ऐकून बिनचूक उलगडून दाखवितो; कारण तेथे कळल्याचा आनंद तत्काळ हाती पडतो आणि चुकले तरी गुण कापले जात नाहीत. तेव्हा रोज दहा मिनिटे गुणांविना बोलणे, धावफलक वा औषधाच्या वेष्टनावरील सूचना वाचणे, एवढे तरी शाळांनी करावे. त्यास पैसा लागत नाही. लागते ती शिक्षकाला मोकळीक, आणि अभ्यासक्रम ‘संपविण्याच्या’ धाकात ती त्याला उरली आहे कोठे?