नदीची आग आणि छापील ज्वाळा

अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे २२ जून १९६९ रोजी कायाहोगा नदीवरील तेलकट तवंगाने पेट घेतला. अर्ध्या तासाच्या आत आग विझली. ऑगस्टमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने तिची दखल घेतली. परंतु सोबत छापलेले छायाचित्र १९५२ सालच्या आगीचे होते. ती आग कितीतरी भीषण होती, हानी दहा लाख डॉलरांहून अधिक होती. तरी तेव्हा देशव्यापी नियतकालिकांत तिचा गाजावाजा झाला नव्हता. एकोणिसाव्या शतकापासून ही नदी वारंवार पेटत आली होती. कारखान्यांची घाण जुनीच होती. नवी होती ती वाचकवर्गाची जाणीव.

त्या जाणिवेचे मोल कमी नाही. १९७२ च्या जलप्रदूषणविरोधी कायद्यात तिचाही वाटा आहे. परंतु नियतकालिकांतील चर्चा जागतिक परिषदांच्या वेळी उसळते आणि ओसरते. हवाई बेटावरील मौना लोआ येथे १९५८ साली हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे ३१५ भाग आढळले. २०२४ साली वार्षिक सरासरी ४२० च्या पुढे गेली. हा आकडा दरसाल चढतोच. त्याला छापण्याजोग्या ज्वाळा मात्र नाहीत.

दुर्लक्षाची किंमत प्रथम कष्टकऱ्यांनाच मोजावी लागते. तेव्हा बातमीची वाट न पाहता या आकड्यांवर त्यांच्याच संघटनांनी पहारा ठेवला पाहिजे.